पहिल्या प्रयोगात कोण काय बोललं?

5 नोव्हेंबर, सांगली

आज रंगभूमी दिन. गावात सगळीकडे नाटकाच्या गप्पा, आणि माझ्या डोक्यात निकोला अपसन यांची 2008 सालची रहस्यकादंबरी 'अ‍ॅन एक्स्पर्ट इन मर्डर'. काल रात्री संपली, पण सुटली नाही अजून.

तिची नायिका कल्पनेतली नाही. ती आहे जोसेफाइन टे, इंग्रजी रहस्यकथेतलं मोठं नाव. साल 1934. टेबाईंच्या 'रिचर्ड ऑफ बोर्दो' या गाजलेल्या नाटकाचा लंडनमधला शेवटचा आठवडा. त्यासाठी त्या आगगाडीने निघतात आणि वाटेत ओळख झालेल्या एका मुलीचा खून होतो. नाटक खरं, नाटककार खरी. खून तेवढा रचलेला.

अपसनबाईंना खरं तर टेबाईंचं चरित्र लिहायचं होतं. पण टेबाई म्हणजे बंद दार! मूळ नाव एलिझाबेथ मॅकिंटॉश, नाटकं लिहायची गॉर्डन डेव्हिअट या नावाने, रहस्यकथा टे या नावाने. घर स्कॉटलंडात इन्व्हरनेसला, वडिलांपाशी. नाटकवाली मित्रमंडळी लंडनला. चरित्राला पुरेल एवढी माहिती मिळेना, म्हणून कादंबरी झाली. टेबाईंनी स्वतःही 1951 साली असंच काही केलं होतं. 'द डॉटर ऑफ टाइम'मध्ये त्यांचा इन्स्पेक्टर इस्पितळाच्या खाटेवर पडल्या पडल्या, इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याने पुतण्यांना खरंच मारलं का, याचा तपास करतो.

मला सगळ्यात आवडली ती एक छोटी गोष्ट. 'रिचर्ड ऑफ बोर्दो'मध्ये प्रमुख भूमिका जॉन गिलगुड यांची होती. कादंबरीतल्या नटाचं नाव मात्र जॉन टेरी. रहस्यकथेत प्रत्येकाकडे संशयाने बघावं लागतं, आणि खऱ्या माणसाच्या नावावर खोटा संशय घेणं बरं नव्हे. मी तरी त्या बदललेल्या नावाचा अर्थ असाच लावते. माहीत असलेल्याला धक्का लावायचा नाही, जिथे कागद गप्प आहेत तिथेच रचायचं. एवढी सभ्यता पाळली तर अशा कादंबऱ्या मला मनापासून हव्या आहेत. मराठीत तर फारच.

आणि सांगलीइतकी चांगली जागा कुठे मिळणार? 5 नोव्हेंबर 1843. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीता स्वयंवर' केलं, मराठी रंगभूमीचा पहिला मानला जाणारा प्रयोग. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1841 साली, अमेरिकेत एडगर अ‍ॅलन पो यांनी पहिली म्हणावी अशी गुप्तहेरकथा छापली होती. मराठी नाटक आणि गुप्तहेरकथा, दोन्ही जवळजवळ एका वयाची!

त्या नाटकांची रीत अशी, की सूत्रधार पदं म्हणणार आणि पात्रं त्या प्रसंगाला धरून आपापली भाषणं ऐनवेळी करणार. भाव्यांनी 1885 साली 'नाट्यकवितासंग्रह' छापला, त्यामुळे पदं उरली. भाषणं मात्र हवेत विरली. पहिल्या प्रयोगात राम काय बोलला, रावण काय बोलला, कुठेच लिहिलेलं नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला याची हळहळ वाटेल. रहस्यकथा लिहिणाऱ्याला मात्र इथे सोनं सापडेल, कारण लिखित संहिताच नसेल तर एखादा नट त्या रात्री भलतंच वाक्य बोलला हे सिद्ध कसं करायचं? ते ओळखू शकेल असा एकच माणूस: झांज वाजवत, पदं म्हणत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत रंगभूमीवरच उभा असलेला सूत्रधार. तपास त्यानेच करावा.

शिवाय राक्षस. 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकत, मशालींच्या उजेडात थयथयाट करत ते यायचे. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे दचकायचे. अशा आरोळीत पडद्यामागची खरी किंकाळी कोणाला ऐकू येईल? संध्याकाळी हे धाकट्या बहिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "ताई, अंगावर काटा आला गं. लिही की!"

लिहिलंच तर 1843 ची रात्र मी सोडून देईन. ती आपली सगळ्यांची आहे, तिथे रक्त नको. 1851 मध्ये चिंतामणराव गेले, दरबारचा आधार तुटला आणि भाव्यांची मंडळी पोटासाठी गावोगाव प्रयोग करत निघाली. 1853 मध्ये मुंबईला पोचली. त्या मधल्या वाटेवर पैशांची चणचण, रुसवेफुगवे, मंडळी सोडून जायचे बेत असं काय काय रचता येईल! भाव्यांवर संशय घ्यायचा नाही, पटवर्धनांच्या घराण्यावर नाही. मरणारा, मारणारा आणि तो सूत्रधार, तिघेही माझे. बाकी मुक्कामांची गावं, वापरलेली पदं, मुंबईच्या प्रयोगाची तारीख जशीच्या तशी ठेवायची. आधी 'नाट्यकवितासंग्रह' नीट वाचायला हवा. कोणत्या आख्यानात राक्षस किती वेळ रंगभूमीवर असतो, यावर खुनाची वेळ ठरेल.