आमची वाटचाल : अडकलेला मेल कोण सोडवणार?

आम्ही दोघांनी २००४ मध्ये संस्थांचे मेल आणि वेब गाळून देणारी फर्म सुरू केली, तेव्हा आमच्याकडे होतं काय, तर स्पॅमअसॅसिन आणि स्क्विड ही दोन मोफत सॉफ्टवेअर्स आणि ती नीट चालवण्याची हातोटी. स्पॅमअसॅसिन प्रत्येक मेलला गुण देतं. मुळातली मर्यादा पाचची, तिथे पोचला की स्पॅम. स्क्विड ही प्रॉक्सी, म्हणजे ऑफिसातल्या मशीन्स आणि इंटरनेट यांच्या मधली यंत्रणा. तिला नको असलेल्या साइट्सची यादी जोडायची. लहान ऑफिसांना एवढं पुरायचं.

मग सहा हजार मेलबॉक्स असलेली एक संस्था आमच्याकडे आली. आम्ही मेल गाळणारी तीन प्रॉडक्ट्स पाहिली, सर्वात जास्त स्पॅम पकडणारं निवडलं आणि शनिवारी रात्री एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे संस्थेचा मेल कुठल्या सर्व्हरवर यायचा ते सांगणाऱ्या नोंदी, बदलले. ‘जे तपासता येत नाही ते रोखून धरा’ हा नियम मीच लावला होता. बुधवारी अकाउंट्समधून फोन आला. बँकेची स्टेटमेंट्स पासवर्ड लावलेल्या पीडीएफमध्ये येतात. फिल्टरला ती उघडता येईनात, त्यामुळे सगळी क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित मेल अडवून ठेवायच्या जागी, जाऊन पडली होती. पुरवठादारांच्या झिप फाइल्सचंही तेच. मेल सोडण्याचा अधिकार आयटीतल्या एकाच माणसाला. त्याच्यापुढे अकराशे मेल, आणि त्यातला खरा कुठला हे त्याला कळणार तरी कसं?

मी जाऊन अकाउंट्सच्या मॅडमशेजारी बसलो. त्या यादीवरून बोट फिरवत गेल्या : ‘‘हा आमचा वाहतूकदार. हाही. हा नाही, आमचा माणूस बिल कधीच झिपमध्ये पाठवत नाही.’’ तो तिसरा मेल खरोखरच बनावट निघाला. पत्त्यात एक अक्षर वेगळं होतं. आम्ही तासन्‌तास लॉग चाळून जे शोधलं असतं, ते त्यांनी नुसतं नाव बघून सांगितलं.

त्या दिवसापासून प्रॉडक्ट निवडताना माझा पहिला प्रश्न तोच : अडकलेला मेल कोण सोडवणार? रोजची क्वारंटाइन यादी ज्याची त्याला गेली पाहिजे, संशयित मेल विभागातल्या जाणत्या माणसाला सोडता आला पाहिजे, आणि व्हायरस असलेला मेल मात्र फक्त सुरक्षा टीमच्या हातात राहिला पाहिजे. हे तीन अधिकार वेगळे करता येत नसतील, तर ते प्रॉडक्ट आम्ही सुचवत नाही, पकडण्याची टक्केवारी कितीही चांगली असो.

वेबचं दुखणं वेगळं. जवळजवळ सगळ्या साइट्स एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवण्यावर, गेल्या आणि प्रॉक्सीला फार तर साइटचं नाव दिसायला लागलं. आतलं तपासायचं तर डिक्रिप्शन, म्हणजे ते कुलूप मधेच उघडणं, हवं; आणि त्यासाठी प्रत्येक मशीनवर संस्थेचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे मशीनने प्रॉक्सीवर विश्वास ठेवावा म्हणून लावलेलं प्रमाणपत्र. बँक आणि आरोग्याच्या साइट्स आम्ही त्यातून वगळायला लावतो, आणि कर्मचाऱ्यांना तसं लेखी कळवल्याशिवाय डिक्रिप्शन सुरू करत नाही. लोकांच्या नकळत त्यांचं वाचणं मला पटत नाही. उपकरणाचा वेगही डिक्रिप्शन चालू ठेवूनच मोजायचा. माहितीपत्रकातला आकडा बऱ्याचदा ते बंद ठेवून काढलेला असतो. प्रॉडक्टने साइट्सना लावलेल्या कॅटेगरीवरही डोळे मिटून विसंबू नये. एका रसायन कंपनीत पेरॉक्साइडची सुरक्षापत्रकंच ‘स्फोटकं’ म्हणून बंद झाली होती.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना गूगलने डीमार्क (आपल्या नावाने आलेला मेल खरा न ठरल्यास त्याचं काय करायचं हे सांगणारी नोंद) सक्तीचं केलं, आणि आमच्याकडे एकदम कामं वाढली. संस्थेच्या नावाने कुठून कुठून मेल जातो, त्याचे आम्ही आधी नुसते रिपोर्ट गोळा करतो. त्यात पगारपत्रकं पाठवणारी, सर्व्हे करणारी, कुणाच्याच लक्षात नसलेली यंत्रणा सापडते. एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) तपासताना डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या यंत्रणेला, दहाच वेळा विचारणा चालते, त्यामुळे जुन्या नोंदी काढाव्याच लागतात. सगळं जागेवर बसलं की मगच रिजेक्ट, म्हणजे खोटा मेल नाकारायला सांगणं.

सध्या एका संस्थेत दोन प्रॉडक्ट्स शेजारी-शेजारी लावली आहेत. दोन्हींना मेलची फक्त प्रत जाते, काहीही अडवलं जात नाही. महिनाभर चालेल, आज अकरावा दिवस. दर शुक्रवारी अकाउंट्स, खरेदी आणि एचआरचे लोक आमच्यासोबत बसतात आणि प्रॉडक्टने अडवले असते अशा मेलवर ‘हा अडकायला नको होता’ म्हणून खुणा करतात. खरेदी विभागाच्या खुणा सगळ्यात जास्त आहेत, म्हणून येत्या शुक्रवारी त्यांच्यापासून सुरुवात करणार आहोत.