गाडीच्या पोटाखालची प्लेट

पावसाळ्यानंतर पिकअप रॅम्पवर चढवली, तेव्हा इंजिनाच्या चेंबरखाली, म्हणजे ऑईल साठते त्या तळाच्या भांड्याखाली, लावलेल्या 3 मिलिमीटरच्या लोखंडी प्लेटला ताटलीएवढा पोचा पडलेला दिसला, आणि त्याचा माथा चेंबरला टेकून तिथला रंग उडालेला होता. ओढ्यातला एकच काळा दगड त्याला पुरला होता.

नवी प्लेट करायची ठरल्यावर मित्रांनी एकमुखाने ॲल्युमिनियम सुचवले. आकड्यांत त्यांचे म्हणणे खोटे नाही: 4 मिलिमीटर जाडीचे पोलाद चौरस मीटरला सुमारे 31 किलो भरते, तर 6 मिलिमीटरचे ॲल्युमिनियम 16 किलोंच्या आसपास. ॲल्युमिनियम मुळात पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश ताठ असले, तरी सपाट प्लेटचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ही जाड प्लेट वाकायला उलट थोडी अधिकच जड जाते.

परंतु दगडावर टेकलेल्या गाडीला त्यावरून सरकून पुढेही जायचे असते. पोलादावर ओरखडा उठतो आणि गाडी घसरत निघते. ॲल्युमिनियममध्ये मात्र बेसॉल्टची धार रुतते, नांगराच्या फाळासारखे तास पाडते आणि कधी कधी गाडी तिथेच अडकवून ठेवते. शिवाय वाकलेले पोलाद गावातला कोणताही वेल्डर तापवून, घणाने ठोकून सरळ करू शकतो, तर 6061-टी6 सारख्या ॲल्युमिनियमला वेल्डिंग केले की जोडाभोवतीची ताकद बरीच उतरते. उच्च घनतेचे जाड प्लॅस्टिक या सगळ्यांहून छान घसरते, पण ते साधारण 130 अंशांना वितळत असल्याने सायलेन्सरच्या पाइपाजवळ ते लावणे मला तरी पटत नाही.

शेवटी चेंबर आणि गिअरबॉक्सखाली 4 मिलिमीटरचे पोलाद घेतले, आणि जिथे फारसा मार बसत नाही त्या ट्रान्सफर केसखाली (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) ॲल्युमिनियम. दोन धातूंमध्ये ओल धरली की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून ती प्लेट चॅसीला जिथे टेकते तिथे नायलॉनचे वॉशर घातले. फॅब्रिकेटरने दिसायला बरी म्हणून चेकर्ड प्लेट पुढे केली होती. तिची नक्षी खाली आली असती तर प्रत्येक उंचवटा दगडाला अडला असता, म्हणून सपाटच मागितली. चेंबरमध्ये आणि प्लेटमध्ये आता दोन बोटे जागा आहे, आणि ऑईल सोडायचे भोक नटाच्या बरोबर खाली न येता अर्धा इंच सरकल्यामुळे पहिल्याच ऑईल बदलाला निम्मे ऑईल प्लेटवर सांडले.