पिंजरा लागला, तरी टोमॅटो कुरतडलेले

खारीपासून टोमॅटो वाचवायला केलेल्या पिंजऱ्यावर अर्ध्या इंची भोकांची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी तारेची) वेल्डेड जाळी चढली, दार बसलं, आणि तिसऱ्याच दिवशी नऊ फळं गेली. नायलॉनची जाळी खार दातांनी कापते, हे मागच्या नोंदीत आलंच आहे. पण धातूतून ती शिरली कुठून?

आधी गुन्हेगार नक्की केला. बुलबुलाची चोच निमुळता खड्डा पाडते. फळ पोखरणाऱ्या अळीचं भोक गोल असतं, तोंडाशी विष्ठा दिसते. उंदीर रात्रीचा. इथे सकाळी सातला धड असलेली फळं दहापर्यंत अर्धी झाली, गरावर दातांच्या जोड-रेघा. खारच.

नऊपैकी सहा फळं जाळीला टेकलेली निघाली. म्हणजे तिथे ती आत आलीच नव्हती. बाहेर लटकून भोकातून दात चालवत होती! उरलेली तीन मधली, त्यांचं उत्तर झाकणाच्या कडेला सापडलं. बाइंडिंग वायरच्या गाठी फूट-फूट अंतरावर होत्या, मधली जाळी दाबली की अंगठा जाईल एवढी फट पडते. पाच पट्ट्यांच्या खारीचं डोकं गेलं की बाकीचं अंग जातंच.

आता गाठी दर तीन इंचांवर, आणि कडेला झाकणाची आणि बाजूची जाळी दोन इंच एकमेकींवर चढवलेल्या. केबल टाय अजिबात नकोत, आपल्या उन्हात कडक होऊन तुटतात. तळाला जाळी सहा इंच बाहेर वळवून वर विटा. जाळी घेताना भोकासोबत गेजही (तारेची जाडी, आकडा लहान तितकी तार जाड) विचारा: 24 गेजची कड हाताने वाकते, 22 बरी. नागपूरच्या इतवारीत लोहाओळीत हात लावून घेतलेली परवडली. फोटो पाहून मागवलेली हलकी निघते.

टेकणाऱ्या फळांसाठी बगलेतले फुटवे काढून झाडं एकखोडी केली आणि वरच्या पाइपला सुतळीने मधोमध ओढली. फळ आणि जाळी यांत चार इंच मोकळे राहिले पाहिजेत. बुटक्या, झुडपी जातींना हे जमत नाही, त्यांची फांदीच काठीला बांधा. पाच दिवस झाले, एकही फळ गेलेलं नाही. चेरी टोमॅटोचा अख्खा घोस लाल झालेला पिंजऱ्यात प्रथमच दिसला!

एक तोटा: मोठे भुंगे अर्ध्या इंचातून येत नाहीत. टोमॅटोचं फूल स्वतःच फळतं, पण पराग झडायला ते हललं पाहिजे. सकाळी दहाच्या सुमारास सुतळीला टिचकी मारली की काम होतं.

तिखटाच्या फवाऱ्यावर आता वेळ घालवू नये. झोंबतो खरा, पण झारीच्या एका पाण्यात उतरतो, आणि नंतर तोच हात डोळ्याला लागतो. चिकट सापळे तर नकोतच. खार तडफडून मरते.

दुसऱ्या रांगेसाठीही पिंजऱ्याचं माप काढून झालं होतं. पण हे लिहिताना हिशेब बदलतोय. फळाच्या बुडाशी गुलाबी झाक आली की तोडून घरात ठेवलं तरी ते नीट पिकतं. शिवाय मार्चात पारा चढला की झाडावर लाल रंग नीट भरत नाही, 30 अंशांपुढे फळं पिवळट-केशरी राहतात. तेव्हा दुसरी रांग उघडीच: दिवसाआड तोडणी, कागदात गुंडाळून सोबत एक पिकलं केळं, फ्रिज नाही. शिल्लक जाळीतून वांग्यांच्या रोपांना टोप्या होतील, माप उद्या.