डाळ शिजत नाही

चार शिट्ट्या झाल्या, झाकण उघडलं, तर पाणी वर, डाळ तळाला, दाणा न दाणा वेगळा. अशा वेळी घरात जितकी माणसं तितके उपाय निघतात. चिमूटभर सोडा घाला, तेलाचा थेंब सोडा, हिंग-हळद आधीच टाका. आणि एक आवाज हमखास येतो: वाणी बदला.

यातली निम्मी भांडणं एका दुपारात मिटतात. कुकरचे दोन सारखे डबे घ्यायचे. दोन्हींत एकाच पिशवीतली अर्धी अर्धी वाटी तूरडाळ, दीड दीड वाटी पाणी. एकात बोअरचं, दुसऱ्यात आरओचं. बाकी काही घालायचं नाही. दुसऱ्या खेपेला खालचा डबा वर ठेवायचा, नाहीतर फरक पाण्याचा की जागेचा, हे कळत नाही. मग दाणा बोटांत दाबून पाहायचा, आणि दाबणाऱ्याला कुठलं पाणी कुठलं ते सांगायचं नाही. पाणी जड असेल तर बोअरचीच डाळ कडक निघते, कारण त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे दाण्याच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला, धरून बसतं. चिंच-आमसूल आधी घातलं तरी दाणा आडमुठेपणा करतो. म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. तेलाने ती मऊ होत नाही, फक्त फेस कमी येतो नि ओट्यावर पिवळं पाणी उडत नाही. दमट गरम हवेत वर्षभर पडून राहिलेली डाळ मात्र चांगल्या पाण्यातही हट्ट सोडत नाही. वाण्यावर ठपका ठेवणारा तेवढ्यापुरता खरा.

इथवर ठीक. खरी जुंपते ती पुढे.

सोडा काम करतो, शंकाच नको. पण त्याने बी-१ जीवनसत्त्व नासतं, आणि चिमूट जरा मोठी झाली की वरण साबणासारखं लागतं. लागतं की नुसता भास? त्यालाही रीत आहे. आठ वाट्या मांडायच्या, चार सोड्याच्या, चार बिनसोड्याच्या. नुसत्या अंदाजाने सगळ्या बरोबर ओळखण्याची शक्यता ७० त १. चहात दूध आधी की नंतर, या वादावर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली मांडलेली ही युक्ती. त्यातून जीभ खरी ठरते. सोडा घालायचा की नाही, ते तसंच राहतं.

पाणी उकळून निवळून घेतलं तर काही क्षार तळाशी बसतात, सल्फेटचे असले तर बसत नाहीत, आणि गॅस जळतो तो जळतोच. घरातला आरओ एक लिटर देताना बहुधा दोन-तीन लिटर मोरीत सोडतो; टँकरची वाट पाहणाऱ्या घरात हा उपाय नुसता सुचवून बघा. अर्धा-पाऊण तास भिजवणं सगळ्यात स्वस्त. फक्त सकाळच्या डब्याच्या घाईत तेवढं आधी उठायचं कुणी? मिनिटं, गॅस, लिटर सगळं मोजता येतं. पण एक बादली पाणी मोठं की कुणाची तरी अर्ध्या तासाची झोप, हे कुठल्या डब्यात घालून बघणार? ते ठरवतो तो, ज्याचा घरात आवाज मोठा. उठतो बहुतेक दुसराच कुणी.

आणि एक वाजत आला, डाळ कडकच, वादही चालूच, असं झालं तर सरळ पिठलं टाकावं.