धोंडूआत्या

रविवार, रात्र

दुपारपासून जीव खालीवर होतोय. कारण सांगायला गेलं तर एवढंसं.

बुधवार पेठेतून पत्रिकेचं प्रूफ आलं. मोरपंखी कागद, वर गणपती, आणि आशीर्वादाच्या ओळीत 'श्रीमती वसुधा'. कोण ही, क्षणभर कळेचना. दादा म्हणाला, "आत्याचं सासरचं नाव आहे ते, कागदोपत्री तेच. व्याह्यांकडे धोंडू कसं दिसेल?" वहिनीनं भर घातली, "नकुशासारखंच ना ते!"

तेच लागलं मला. अहो, उलटं आहे ते! नकुशा म्हणजे मुलगी नको होती म्हणून. 2011 मध्ये साताऱ्यात अशा दोनशेवर मुलींची नावं बदलली, फार चांगलं केलं. धोंडू हवीच होती. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला धोंडू, दगडू, केरू, भिकू म्हणायचे. विदर्भाकडे कवडू, उकंडा. कवडी टाकून विकत घेतलंय, उकिरड्यावरून उचललंय, असं भासवायचं. यमाची नजर पडली तरी त्याला वाटावं, इथं नेण्याजोगं काही नाही. अधिक महिन्यात, धोंड्याच्या महिन्यात जन्मलेल्यालाही धोंडू म्हणतात, पण आत्या त्यातली नाही. तिच्या आधीची दोघं गेली होती. आत्या अजून सांगते, आजी चारचौघांत "धोंडे, मर तिकडं" म्हणून ओरडायची आणि आत नेऊन पदराआड सायभात भरवायची.

माझं नाव कुठल्याशा मासिकातून निवडलेलं. गोड आहे, वर्गात आणखी दोघी होत्या त्याच नावाच्या. मी टिकावं म्हणून कुणी असा जीव... जाऊ दे. आईला वाचून वाईट वाटेल.

संध्याकाळी कर्वे पुतळ्यापाशी उतरले आणि तिथंच थांबले. धोंडो केशव कर्वे. 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम, 1916 मध्ये महिला विद्यापीठ, 1958 मध्ये भारतरत्न, तेव्हा वयाची शंभरी. अख्खं कोथरूड दिवसभर कर्वे कर्वे करतं, धोंडो कुणाच्या तोंडी नाही. आणि जयपूर घराण्याच्या धोंडूताई कुलकर्णी? त्यांना नाही अडलं हे नाव मैफलीत. मग आमच्या पत्रिकेतच का?

शेवटी आत्यालाच फोन लावला. मी चिडून बोलत होते, ती ऐकत होती. म्हणाली, "अगं, वसुधाही मीच. सासूबाईंनी हौसेनं ताटातल्या तांदळात लिहून घेतलं होतं ते. छापू दे की. पण हाक धोंडू म्हणूनच मार हो, दुसऱ्या नावाला माझ्या तोंडून ओ जात नाही."

मग छापू दे वसुधा. दादाशी आता भांडणार नाही. कार्यालयात मात्र अक्षता टाकून झाल्या की मी तिला सगळ्या व्याह्यांसमोर मोठ्यानं धोंडूआत्या म्हणूनच हाक मारणार आहे, आणि कुणी विचारलं तर शेजारी बसवून सगळं सांगणार आहे.