अर्धी माळ आणि सहा मणी

४ जुलै, कोपरी, ठाणे

चिऊ वटपौर्णिमेला जन्मली तेव्हा २ किलो ७००. आज चोवीस दिवसांनी काट्यावर २ किलो ८००. डॉक्टरांनी तिला उचललं, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. मग स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. एवढ्याशा छातीवर एवढा वेळ काय ऐकतात, असं मनात आलं आणि पोटात गोळा आला.

खरं तर हे आधी डॉक्टरांना नाही, न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींना कळलं होतं. बुधवारी पाटावर पाय लांब करून बसल्या, चिऊला पायांवर घेतलं, तेल लावता लावता थांबल्या. म्हणाल्या, "हिच्या बरगड्यांखाली खळगा पडतोय बघा श्वास घेताना. दूध पिताना कपाळाला घाम येतो का?" सासूबाई म्हणाल्या, "पावसाळ्यात उकडतंच." मावशींनी वाद घातला नाही. फक्त त्या दिवशी आंघोळ दोन मिनिटांत उरकली, आणि जाताना चपला घालत मला म्हणाल्या, "दाखवून घ्या. उद्याच."

टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. थेंबभर गुंगीचं औषध, छातीवर गार जेली. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर लाल-निळं काहीतरी उसळत होतं. मला वाटलं लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध, शाळेतल्या आकृतीसारखं. तसं नसतं. यंत्राकडे येणारं रक्त लाल दिसतं, लांब जाणारं निळं. आणि जिथे रक्त जोरात घुसतं तिथे सगळे रंग एकत्र फुटतात. तशी एक ठिणगी पडद्याच्या मधोमध दर ठोक्याला फुटत होती. मला ती सुंदर वाटली. काय आहे ते मला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

व्हीएसडी. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र. ६ मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. पण तिचं अख्खं हृदय तिच्या मुठीएवढं, आणि तिची मूठ माझ्या अंगठ्याच्या पेराला पुरत नाही.

बायकोने एकच विचारलं, "तिला दुखतंय का?" डॉक्टर म्हणाले, "दुखत नाही. दमते." मग ही रडली.

५ जुलै

आज रागाचा दिवस.

सकाळी फाइल काढून बसलो. संक्रांतीनंतर केलेली विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी: नॉर्मल. प्रसूतिगृहाचं डिस्चार्ज कार्ड: हृदय नॉर्मल. हातापायाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला होता, तो ९७. म्हणजे तीन ठिकाणी तीन माणसांनी माझ्या मुलीकडे बघितलं आणि कोणालाच दिसलं नाही. मावशींना मात्र उघड्या डोळ्यांनी दिसलं. प्रसूतिगृहात जाऊन तमाशा करायचा असं ठरवूनच घराबाहेर पडलो होतो. वाटेत काल एको केलेल्या डॉक्टरांकडे रिपोर्टची प्रत घ्यायची होती, तिथेच अडकलो.

त्यांनी विचारलं, तुम्ही काम काय करता? म्हटलं, रबाळे एमआयडीसीत कॉम्प्रेसरच्या मेंटेनन्सला आहे. म्हणाले, मग तुम्हाला समजावणं सोपं. कागदावर चार चौकोन काढले.

दोन लाइनी शेजारी-शेजारी, मधली भिंत फुटलेली. दोन्हीकडे प्रेशर सारखं असेल तर भोकातून काहीच जात नाही. जन्मतः बाळाच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, त्यामुळे उजव्या बाजूचं प्रेशर चढलेलं असतं. भोक आहे, पण गळती नाही. म्हणून आवाज नाही. पुढच्या काही आठवड्यांत फुप्फुसं सैलावतात, उजवीकडचं प्रेशर उतरतं, आणि मग डावीकडचं रक्त भोकातून उलटं फुप्फुसांकडे धावतं. जेवढं शरीराला जायला हवं त्यातलं बरंचसं तिथेच फिरत राहतं. फुप्फुसं जड होतात, श्वास वाढतो, दूध ओढताना दम लागतो, घाम येतो, वजन वाढत नाही. ऑक्सिजन मात्र ठीकच दिसतो, कारण शरीराकडे जातं ते शुद्धच रक्त. त्या चिमट्यात निळी पडणारी बाळं सापडतात. चिऊ निळी नाही. तिसऱ्या दिवशी प्रसूतिगृहातल्यांनी कान लावून ऐकलं असेल तर तेव्हा खरंच काही ऐकू आलं नसेल. आणि पोटात असताना सोनोग्राफीत हे भोक निसटू शकतं, तेही त्यांनी सांगितलं.

मी कागद घडी करून खिशात घातला. बायपास होऊन कॉम्प्रेसर दिवसभर धडधडतो आणि पुढच्या मशीनला हवा पोचत नाही, हे मी आठवड्यातून एकदा तरी बघतो. त्या कॉम्प्रेसरला कोणी आळशी म्हणत नाही. आम्ही मात्र चार दिवस चिऊला "आळशी आहे, दोन घोट घेते की झोपते" म्हणत होतो.

प्रसूतिगृहात गेलो नाही. राग गेला असं नाही. राग कुठे ठेवायचा ते कळेना.

६ जुलै, आषाढी

आई साताऱ्याहून आली. एसटीत उपास, पिशवीत राजगिऱ्याचे लाडू आणि तुळशीची जपमाळ. दारातच म्हणाली, "होळीच्या दिवशी ग्रहण होतं. ही पुरणपोळ्या लाटत होती. मी फोनवर बोलले होते तेव्हाच."

मी पंचांग काढून दाखवलं: ते चंद्रग्रहण भारतात दिसणारच नव्हतं. आई म्हणाली, दिसत नाही म्हणजे नसतं का? या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, विशेषतः आजकाल. पण डॉक्टरांना मीही तेच विचारलं होतं, फक्त ग्रहणाऐवजी माझ्या अंगावरच्या ऑइल आणि सॉल्व्हंटच्या कपड्यांबद्दल. हिचं वेगळंच. ऐरोलीच्या खड्ड्यांतून स्कूटीवर गेले म्हणून का? सासूबाईंचं, मी तिला पपई खाऊ दिली का कधी? प्रत्येकाने आपापला गुन्हा आधीच शोधून ठेवला होता.

डॉक्टरांनी सांगितलेलं मी सगळ्यांना बसवून सांगितलं. हृदय आधी एक सरळ नळी असतं. गर्भ राहिल्यावर बाविसाव्या दिवसाच्या सुमाराला ते ठोके द्यायला लागतं, मग नळीला पीळ पडतो, भिंती उगवतात. मधल्या पडद्याचा वरचा पातळ भाग सगळ्यात शेवटी बंद होतो, सातव्या आठवड्याच्या आसपास. चिऊचं भोक तिथेच आहे. आठ आठवड्यांत चारही कप्पे तयार. त्यापुढे फक्त वाढ. हजार बाळांत आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतःच काहीतरी कमी-जास्त असतं, आणि बहुतेकांमध्ये अमुक एक कारण दाखवता येत नाही.

आम्ही कॅलेंडर काढलं. सातवा आठवडा दिवाळीत संपत होता. आम्हाला गोड बातमी कळून महिनाही झाला नव्हता. ही तेव्हा चकलीच्या भाजणीच्या वासाने दर तासाला बाथरूमकडे पळत होती आणि मी बाल्कनीत कंदील टांगत होतो. त्या चार दिवसांत कधीतरी ती फट मिटायची राहिली. होळी त्यानंतर चार महिन्यांनी.

आई गप्प झाली. रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात येऊन पाणी प्यायली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "तुझ्या आधी एक होता. अडीच महिन्यांचा. असाच दूध प्यायला की घामाघूम व्हायचा. आजीने अंगारा लावला, दृष्ट काढली. तालुक्याला न्यायचं म्हणत होतो, तोवर..." पुढचं बोलली नाही.

एकतीस वर्षं मी घरातला थोरला आहे असं समजत होतो.

"बारसं झालं होतं का त्याचं?"

"झालं होतं की." आणि पेला विसळून पालथा घातला. नाव मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. त्याला नेमकं काय होतं ते आता कोण सांगणार? डॉक्टरांनी "घरात आधी कोणाला?" विचारलं तेव्हा मी ठामपणे नाही म्हणालो होतो. उद्या फोन करून सांगायला हवं.

९ जुलै

औषध सुरू आहे. अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढतं, म्हणजे फुप्फुसांवरचा भार हलका. ०.३ मिली, दिवसातून दोनदा, सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आत. पहिल्या दिवशी माझा हात एवढा थरथरला की हिने सिरिंज काढून घेतली. मी कामावर गेज वाचतो, चार बारचं साडेचार झालं तर लांबून ओळखतो. पण ती ०.३ ची रेघ वाचायला मला मोबाइलचा टॉर्च लागतो.

अंगावर पंधरा मिनिटंच पाजायचं, दमायच्या आत थांबायचं, उरलेलं काढून वाटी-चमच्याने. दर दोन तासांनी. शेक-धुरी बंद. यावरून सासूबाई आणि आई या दोघींमध्ये पहिल्यांदाच एकमत झालं, की डॉक्टरांना काही कळत नाही. तरी शेगडी माळ्यावर गेली. लंगोट मात्र वाळत नाहीत, मी इस्त्रीने वाळवतो. मावशी रोज येतात. आता फक्त ओल्या कपड्याने पुसतात आणि दुप्पट वेळ तिच्याशी बोलतात. पैसे कमी करा म्हटलं तर रागावल्या.

१२ जुलै

ट्रान्स-हार्बरने खारघरला जाऊन आलो. तिथल्या साई संजीवनी रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया मोफत होतात, कंपनीतल्या एकाने सांगितलं होतं. बिलाचा काउंटरच नाही. सवयीने शोधत होतो. बाकावर शेजारी यवतमाळकडचे एक गृहस्थ होते, मांडीवर चार वर्षांची मुलगी, फ्रॉकच्या गळ्यातून छातीवरचा उभा व्रण दिसत होता. ती तपासणीला आली होती आणि बाकाखाली शिरून तिथून बाहेर यायला तयार नव्हती. मी त्या व्रणाकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "आता बघा, धावते नुसती." मी उतरताना पायऱ्यांवर जरा बसलो.

ठरलंय ते असं: लहान छिद्रं बरीचशी आपोआप मिटतात, एवढं मोठं बहुधा मिटत नाही. वजन वाढू द्यायचं, तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रिया. वाढलंच नाही तर आधी. फार थांबायचंही नाही, कारण फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांना त्या जादा प्रेशरची सवय लागली की त्या कायमच्या कडक होतात, मग भोक बुजवूनही उपयोग नसतो. छिद्रावर ठिगळ शिवतात. हृदयाचं आतलं अस्तर त्यावर चढतं, ठिगळ बदलावं लागत नाही.

रात्री झोप नाही. फोनवर वाचत बसलो. हृदय उघडून हे भोक पहिल्यांदा बुजवलं ते १९५४च्या मार्चमध्ये, अमेरिकेत मिनिआपोलिसला, लिलेहाय नावाच्या सर्जनने. लहान मुलाला पेलेल असं हृदय-फुप्फुस यंत्र तेव्हा हाताशी नव्हतं. म्हणून वर्षभराच्या त्या मुलाच्या शेजारच्या टेबलावर त्याच्या बापाला झोपवलं, दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या, आणि मुलाचं हृदय उघडं असताना बापाचं हृदय दोघांसाठी चाललं. भोक नीट शिवलं गेलं. मुलगा अकरा दिवसांनी न्यूमोनियाने गेला. तरी ते थांबले नाहीत. अशा पंचेचाळीस शस्त्रक्रिया झाल्या, अठ्ठावीस मुलं जगली.

वाचून फोन पालथा ठेवला. एवढंच वाटलं, मला कोणी विचारलं असतं तर मी बूट काढायलाही थांबलो नसतो. आता यंत्र आहे. आता बापाचं काम बाहेर बाकावर बसण्याचं. ते जास्त अवघड आहे की कसं, हे मी आत्ता लिहीत नाही.

१९ जुलै

३ किलो ५० ग्रॅम. पंधरा दिवसांत अडीचशे ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, "हवं तेवढं नाही, पण चाललंय." हिने रिक्षात तो कागद तीनदा उघडून पाहिला.

श्वास मोजणं आता आईकडे आहे. मिनिटाला साठच्या वर गेले, तेही झोपेत, तर फोन करायचा. आईला घड्याळ आणि आकडे एकदम जमेनात. तिने स्वतःच उपाय काढला. सेकंदकाटा बारावर आला की मी "हं" म्हणायचं, तिने चिऊच्या पोटाकडे बघत एका श्वासाला जपमाळेचा एक मणी ओढायचा, काटा पुन्हा बारावर आला की मी "बास". माळ एकशे आठ मण्यांची. अर्धी माळ म्हणजे चोपन्न, त्यापुढे सहा मणी म्हणजे साठ. तिथे तिने माझ्या पँटच्या शिलाईचा निळा दोरा बांधलाय.

मघाशी पुन्हा मोजले. बाहेर पाऊस, चिऊ पोट वर-खाली करत झोपलेली, आईचे ओठ हलत होते. श्वास मोजत होती की नाव घेत होती कोण जाणे. मी "बास" म्हटलं. तिने अंगठा आणि मधल्या बोटात मणी तसाच धरून माळ दिव्याखाली आणली.

दोऱ्याच्या अलीकडे दोन मणी.

"अठ्ठावन्न," मी म्हटलं.

"परत मोजू," आई म्हणाली, आणि माळ पुन्हा मेरुमण्यापासून धरली.