मनोरा कलला म्हणजे पडणारच का?

जुन्या दगडी इमारतींच्या मजबुतीकरणाचं काम करते असं कळलं की बहुतेक जण विचारतात, "पिसाचा मनोरा एवढा कललाय, तरी पडत कसा नाही?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला पिसाच्या कलापेक्षा पाव्हियाची धास्ती जास्त. इटलीतल्याच या गावातला जुना नागरी मनोरा १७ मार्च १९८९ ला सकाळी कोसळला. चार माणसं गेली. वाकडा म्हणून त्याला कुणी ओळखत नव्हतं. तपासात पायाचा दोष निघाला नाही. थकली होती ती भिंत. दर्शनी बाजूला विटांचे पातळ थर, मध्ये दगडगोटे आणि चुन्याची भर. त्यावर सोळाव्या शतकात घंटाघराचं जड बांधकाम चढलं. त्या ओझ्याखाली भिंतीतल्या बारीक भेगा शतकानुशतकं वाढत राहिल्या.

या घटनेनंतर पिसाचा मनोरा जानेवारी १९९० मध्ये लोकांसाठी बंद झाला. त्याची भिंतही तशीच, बाहेर संगमरवर आणि पोटात भर. त्यात जिना भिंतीतूनच वर जातो, म्हणजे तिथे ती पोकळ. कलामुळे साडेचौदा हजार टनांचा भार दक्षिणेकडे एकवटलेला. म्हणून १९९२ मध्ये आधी खालच्या भागाला पोलादी तारांचे वेढे घातले. मग उत्तरेकडे शिशाचं वजन ठेवलं आणि १९९९ ते २००१ मध्ये त्याच बाजूची माती तिरप्या नळ्यांतून थोडी थोडी काढली. कल अर्ध्या अंशाच्या आसपास कमी झाला. सरळ करायचा नव्हताच. भिंतीवरचा ताण उतरवायला तेवढं पुरेसं होतं. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

भिंतीवर किती ताण आहे, हे मोजायची एक सुंदर रीत आहे. आधी दोन खुणा करून त्यांतलं अंतर मोजायचं. मग त्यांच्या मधला चुन्याचा सांधा आडवा कापायचा. वरचा भार खाली येतो, खुणा केसाएवढ्या जवळ सरकतात. त्या फटीत पत्र्यासारखा चपटा जॅक सरकवून तेलाचा दाब वाढवत न्यायचा. खुणा मूळ जागी परतल्या, की तो दाब म्हणजे (थोडी दुरुस्ती करून) तिथला ताण. मी पहिल्यांदा काटा थांबलेला पाहिला तेव्हा अंगावर काटा आला होता.

आपल्या गडांच्या बुरुजांतही अनेक ठिकाणी घडीव दगडांच्या दोन भिंती आणि मध्ये भर असते. तिथे दगडांमधल्या सांध्यांत सिमेंट भरणं मला अजिबात पटत नाही. पाणी आत अडकतं, चुना धुपतो, दर्शनी थर सुटा होतो.

तुमच्या गावच्या मनोऱ्याबद्दल विचारायचं असेल तर कलाचा फोटो नको. तळाजवळच्या भिंतीचा पाठवा, सकाळच्या तिरप्या उन्हात काढलेला. फुगवटा आणि उभ्या भेगा तेव्हाच नीट दिसतात.